मिठाच्या पाण्यातला फासा

माझी नात पेल्यात मीठ कालवत होती. चिमूटभर नव्हे, मूठभर. एक मूठ झाली, दुसरी झाली, मग तिनं बरणीच तिरपी केली. मी भाकरी थापत होते. म्हटलं, "काय गो, लोणचं घालतेस की समुद्र करतेस?"

"फासे तपासतेय, आजी."

ऋतुजा तिचं नाव. पुण्याला शिकते, सुट्टीत बिरवाडीला घरी येते. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, औद्योगिक वसाहतीत पाळीवर कामाला आहे. तो झोपलेला असला की घरात मोठ्यानं बोलायचं नाही, म्हणून ही पोर स्वयंपाकघरात माझ्या पायांत येते. या खेपेला तिनं एक थैली आणली होती आणि थैलीत फासे. मला फासा म्हणजे सहा बाजूंचा तेवढा ठाऊक. हिच्याकडं चार बाजूंचा, आठ बाजूंचा, दहाचा, बाराचा, आणि दोन वीस बाजूंचे. एक जांभळा, एक हिरवा, आवळ्याएवढे. प्रत्येक बाजूवर आकडा.

जांभळा तिनं खारट पाण्यात सोडला. तो तरंगला. तिनं बोटानं टिचकी मारली, तो गरगरला, थांबला, एक आकडा वर आला. पुन्हा टिचकी, दुसरा आकडा. पुन्हा, तिसराच.

"हा चांगला आहे," ती म्हणाली आणि हिरवा सोडला. टिचकी मारली, सतरा. पुन्हा मारली, सतरा. तिसऱ्यांदा मी भाकरी तव्यावर टाकून वाकून बघितलं. सतरा.

"बघितलंस? हा आतून एका बाजूला जड आहे. जड बाजू खाली जाते, म्हणून समोरची सारखी वर येते. असा फासा आम्ही खेळात घेत नाही."

"का?" मी विचारलं. मला ठाऊक होतं का ते. तरी विचारलं.

"फसवणूक होते ना. आणि समोरच्याला कळतसुद्धा नाही. त्याला वाटतं, आपलंच नशीब वाईट."

भाकरी करपली. माझी भाकरी करपत नाही कधी. ऋतुजा म्हणाली, "आजी, तवा!" मी तवा उतरवला आणि तशीच बसले.

करपलेल्या नाचणीचा वास म्हणजे आमच्या वरच्या घराचा वास. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या माथ्याला आमची वाडी. सात घरं. नाचणी, वरी, थोडा भात आणि ढोरं. घरात अर्धं घर म्हशींचं, अर्धं आमचं, मध्ये कुडाची भिंत. कुडाच्या फटीतून म्हशींचा श्वास यायचा, शेणाचा आणि ओल्या पेंढ्याचा वास यायचा, चुलीचा धूर त्यांच्याकडं जायचा. तो वास चांगला होता असं मी म्हणणार नाही. इथं बिरवाडीत संध्याकाळी वारा फिरला की कारखान्यांचा वास येतो, तोही चांगला नाही. पण नाचणी करपली की मला तो कूड दिसतो, आणि कुडाला टेकवलेली एक पाटी आणि एक काठी.

घरात मुली दोनच. मी आणि येशी. येशी माझ्या चुलत्याची. दोघी एकाच पावसाळ्यात जन्मलेल्या, एकाच गोधडीत वाढलेल्या. शाळा खालच्या वाडीत मारुतीच्या देवळात भरायची, एकच मास्तर. दोघींना शाळेत पाठवलं तर ढोरं कोण राखणार? आज्यानं सांगितलं, एकीनं शाळेत जायचं, एकीनं ढोरांमागं. आधी आळीपाळी ठरली. पंधरा दिवसांत आमची मारामारी झाली. बाजाराच्या दिवशी शाळा बंद, मास्तर गावाला गेला की बंद, मग तो दिवस कुणाच्या वाट्याचा धरायचा? येशीनं माझे केस उपटले, मी तिला चावले. आजा वैतागला. तो तरुणपणी सोंगट्या खेळलेला माणूस.

"रोज सकाळी चिंचोके टाका," तो म्हणाला. "जिचं दान मोठं तिनं पाटी घ्यायची, दुसरीनं काठी. रडायचं नाय, भांडायचं नाय. दान पडलं ते पडलं."

चिंचोके आम्हीच तयार केले. अंगणात एक खरबरीत दगड होता, त्यावर चिंचोका घासायचा. घासताना तो तापतो, भाजल्यासारखा वास सुटतो, बोटांना पांढरी भुकटी लागते. एक बाजू सपाट पांढरी होईस्तोवर घासायचा, दुसरी बाजू राहते काळी, गुळगुळीत, फुगीर. असे चार. चारही मुठीत हलवून गोठ्याच्या उंबऱ्यावर टाकायचे. जेवढे पांढरे वर, तेवढं दान. बरोबरी झाली तर पुन्हा. जिचे तिचे चिंचोके वेगळे, जिची तिची चिंधी वेगळी. एकीच्या चिंचोक्याला दुसरीनं हात लावायचा नाही, लावला की बाटले. ऋतुजाही तिच्या फाशांना कुणाला हात लावू देत नाही. मी पुसायला घेतले तर किंचाळली. तेव्हा मला हसू आलं होतं.

सकाळी आजा उंबऱ्याशी मशेरी लावत बसायचा. म्हशी खुंट्याला ओढ घ्यायच्या. धार काढून झालेली असायची, चरवीतल्या दुधाला फेस. आजा थुंकायचा आणि म्हणायचा, "टाका गो." मग लाकडावर चिंचोक्यांचा तो आवाज. आधी चार, मग चार. तेवढ्या आवाजात आमचा दिवस ठरायचा.

पहिलं वर्ष सरळ गेलं. कधी ती पाटी, कधी मी.

दुसऱ्या पावसाळ्यात मी चिंचोक्यात छर्रा घातला.

चुलत्याकडं ठासणीची बंदूक होती, डुकरं राखायला. छर्ऱ्यांची कातडी थैली आढ्याला टांगलेली असायची. मी दोन बारके छर्रे काढले. गोधडी शिवायच्या सुईनं चिंचोक्याच्या काळ्या पोटाला भोक पाडलं, छर्रा आत दाबला, वरून मेणात काजळी कालवून लिंपला. उन्हात धरला तरी दिसेना. काळी बाजू जड झाली, ती खाली बसू लागली, पांढरी वर. चारातले दोनच केले. चारही केले असते तर रोज चार पांढरे पडले असते आणि आज्याच्या लक्षात आलं असतं. एवढी अक्कल मला त्या वयात होती. दोन आपोआप पांढरे, दोन नशिबाचे. कधीतरी येशीही जिंकायची. ती जिंकायची म्हणूनच कुणाला संशय आला नाही.

शिकायची ओढ म्हणून केलं असं लिहिता आलं असतं. वाचायला बरं वाटलं असतं. पण तसं नव्हतं. पावसात ढोरांमागं जायचं म्हणजे डोक्यावर पानांचं इरलं, पाय दिवसभर पाण्यात, आणि जळवा. बोटांच्या बेचक्यांत, गुडघ्यामागं. चावलेलं कळत नाही, रक्त दिसलं की कळतं. देवळात जमीन कोरडी होती, एवढंच. मला कोरडी जमीन पाहिजे होती. अक्षरं मागून आली.

देवळातला वास मला अजून येतो. तेलाचा, ओल्या घोंगड्यांचा, पाटी थुंकीनं पुसल्यावर येतो तसा. मास्तर अंग घुसळत पाढे म्हणायचा आणि आम्ही पोरं त्याच्यामागं. मी हुशार नव्हते. येशी होती. ती ज्या दिवशी यायची त्या दिवशी मास्तर तिलाच उठवायचा. मग तिचे दिवस कमी होत गेले. दुसरीच्या वर्षात मास्तरनं पटावरून तिचं नाव कमी केलं. म्हणाला, आठवड्यातून एकदा येणाऱ्या पोरीला मी काय शिकवू?

नाव गेलं तरी चिंचोके थांबले नाहीत. आजा म्हणाला, दान पडलं तर जाऊ दे तिला, बसू दे बाहेर. म्हणून येशी रोज टाकत राहिली. बहुतेक रोज हरायची, काठी घ्यायची, म्हशींच्या मागं निघायची. रडायची नाही. आज्यानं सांगितलं होतं ना, रडायचं नाय.

संध्याकाळी मी देवळातून वर चढायची तेव्हा ती माळावर कातळाशी थांबलेली असायची. ढोरं पुढं घराकडं लागलेली. तिच्या अंगाला ओल्या गवताचा आणि ताकाचा वास. "आज काय शिकवलं गो?" पहिला प्रश्न हाच. मला भूक लागलेली असायची. मी कोळसा घेऊन कातळावर एखादं अक्षर काढून द्यायची, ती ते गिरवायची. कधी मला कंटाळा यायचा. कधी मलाच आठवायचं नाही. मग मी काहीतरी रेघोट्या ओढायची, एक गोल, एक शेपटी, आणि सांगायची, हे आजचं.

एकदा पाऊस उघडला होता. मी वर आले तर सगळा कातळ भरलेला. मी आदल्या दिवशी काढून दिलेलं, कुठंच नसलेलं अक्षर तिनं दिवसभर बसून काढलं होतं. ओळीनं, एकाखाली एक, शेपटी सगळीकडं सारखी. कोपरापर्यंत हात काळे.

"बघ. कसं आलंय?"

"बरं आलंय," मी म्हटलं.

लिहिताना माझा हात इथं थांबला. पुढं जाते.

मला वाटलं होतं, घेतली ती शाळा घेतली, फार तर पाय कोरडे घेतले. पण आमच्याकडं हाताला किंमत असते. रोपाचा दाणा टाकताना पहिली मूठ कुणाच्या हातची, हे बघतात. खुडूक कोंबडीखाली अंडी कोण ठेवणार, हे बघतात. ज्याच्या हाताला यश त्याचा हात लावायचा. आजा दोन वर्षं उंबऱ्यावर बसून रोज बघत होता. त्यानं डोळ्यांनी बघितलेलं कसं खोटं ठरणार? तो बोलला, "येशीला नका लावू. तिचा हात हरता हाय." रागानं नव्हे. पाऊस येणार म्हणतात तसं. आणि मूठ मला दिली.

ते दाण्यांचं सूप मला आठवतं. राखेत घोळलेले दाणे, पेरणीआधी भाजलेल्या राबाच्या मातीचा वास, अनवाणी पायांना तिची ऊब. सगळे मागं उभे. येशी सगळ्यांच्या मागं, दोन्ही हात पदरात गुंडाळल्यासारखे परकराच्या घोळात घेऊन. मी मूठ भरली आणि फेकली. माझ्या हातचं रोप काही निराळं उगवलं नाही. उगवायचं तेवढं उगवलं. ठेवलेल्या अंड्यांतली काही फुटली, काही कुजली. पण ते कुणी मोजत नाही. एकदा हाताचं नाव झालं की झालं.

मी चौथी पास झाले. पुढं शाळा नव्हतीच. लग्न ठरलं, डोंगर उतरताना सावित्रीच्या पात्रात चिंचोके चिंधीसकट टाकले. बुडले की वाहिले ते बघितलं नाही.

येशीचंही लग्न झालं. तिचा नवरा मुंबईला हॉटेलात, ती सासरी. पुढं तिच्या मुलालाही इथल्याच कारखान्यात काम लागलं आणि आम्ही दोघी बिरवाडीत दोन गल्ल्यांच्या अंतरावर आलो. तीसएक वर्षं झाली. रोज दुपारी ती चहाला येते. येताना कागद असला तर घेऊन येते. नवऱ्याची पत्रं मी वाचली, तो होता तोवर. रेशनचं, मतदानाचं, दवाखान्याचं, लग्नपत्रिका, एसटीच्या पाट्या, सगळं मी वाचलं. ती नोटा रंगावरून ओळखते, माणसं फोनमधल्या फोटोवरून. बँकेत अंगठा लावते आणि घरी येईस्तोवर शाई पदराला पुसत राहते. मी वाचून दाखवायची आणि वर म्हणायची, "येशे, एवढंबी येत नाय तुला?" हसून म्हणायची. तीही हसायची.

तिच्या नातवाच्या बारशाला सगळ्या बायका पाळण्याभोवती उभ्या होत्या. बाळाला पाळण्यात आजीनं घालायचं. तिनं मला पुढं ओढलं. "तू घाल गो. तुझा हात चांगला हाय." सून म्हणाली, "अहो आई, तुम्ही घाला की." येशी मागं सरली, तशीच, हात पदरात घेऊन. मी घातलं बाळाला. पेढाही खाल्ला.

इतक्या वर्षांत सांगावंसं वाटलं नाही का? वाटलं. सांगितलं नाही. एवढंच खरं आहे.

तर त्या दिवशी भाकरी करपली, आणि दुपारी येशी नेहमीसारखी चहाला आली. ऋतुजा तयारीत होती. "आज दोघी आज्यांना खेळवते," म्हणाली. भाकरीची परात उपडी न घालता सरळ मांडली, म्हणजे फासा घरंगळून चुलीत जाणार नाही. वही काढली.

खेळ असा. एक जण गोष्ट सांगणार, बाकीच्या त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. काय करायचं ते आपण बोलायचं, मग ते जमलं की नाही ते फासा सांगणार. मी तलवार मारली म्हणून ती लागत नाही. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या अंगातलं बळ मिळवायचं, आणि समोरच्याच्या कातडीचा जो आकडा असेल तेवढं किंवा वर गेलं तर लागली. सरळ वीस पडलं तर घाव दुप्पट. सरळ एक पडला तर बळ कितीही असो, हुकली. किती दुखलं ते दुसरा फासा सांगतो. कधी वेळ आपल्या बाजूनं असली तर दोन फासे टाकून मोठा धरायचा, वाईट असली तर दोन टाकून लहान धरायचा.

"दोन टाकून मोठा धरायचा, आणि ते सगळ्यांसमोर?" मी विचारलं.

"सगळ्यांसमोर. लपवायचं काय त्यात?"

मला जादू करणारी बाई केलं. येशीला म्हणाली, तुम्ही योद्धा, तलवार घ्या. येशी म्हणाली, "तलवार कशाला? काठी दे. काठी मला येते." ऋतुजानं वहीत काठी लिहिली, बळ चार लिहिलं. आम्ही दोघी एका गुहेत शिरलो, तिथं एक वेताळ एका म्हशीला धरून बसलेला. म्हैस येशीनं घालायला लावली. "म्हशीबिगर मी कशाला मरायला जाऊ गुहेत?"

पहिली पाळी माझी. मी झोपेचा मंत्र टाकला. मी फासा उचलणार तर ऋतुजानं हात धरला. "मंत्राला फासा वेताळ टाकणार. तो वाचतो का ते त्याचं त्यानं ठरवायचं." तिनं वेताळाच्या वतीनं टाकला. सोळा. वेताळ वाचला.

"मंत्र माझा नि फासा त्याचा?" मी म्हटलं. "हा कुठला न्याय?"

येशी खदखदून हसली. "बरं झालं. हिचं कधीतरी पडायला पाहिजे होतं खाली."

मग तिची पाळी. वेताळाची कातडी तेरा. तिचं बळ चार. म्हणजे फाशावर नऊ आले तरी काठी लागणार होती. ऋतुजानं जांभळा फासा तिच्या पुढ्यात ठेवला. येशीनं हात मागं घेतला.

"तू टाक गो," ती मला म्हणाली. "माझ्या वतीनं."

"असं चालत नाही, येशीआजी. आपला आपण टाकायचा."

"नको पोरी. माझा हात हरता हाय. लहानपणापासून. ह्या हातानं शाळा घालवली. खोटं वाटतंय तर विचार हिला, ही होती तिथं."

ऋतुजा हसली. "फाशाला हात कळत नाही हो. बघा, हा मी पाण्यात तपासलाय." पेला तिथंच होता. तिनं जांभळा सोडून दाखवला, मग हिरवा. "हा आतून जड आहे, म्हणून तोच आकडा येतो. हाताचं काही नसतं. फासा एकतर खरा असतो नाहीतर खोटा."

"आमच्या येळी कुठला पेला नि कुठलं मीठ," येशी म्हणाली. "चिंचोके होते आमचे."

चहावर साय धरली होती. मी सायीकडं बघत म्हटलं, "येशे, माझ्या चिंचोक्यांत छर्रा होता."

"कसला छर्रा?"

"बंदुकीचा. तुझ्या बापाच्या थैलीतला. चारातल्या दोन चिंचोक्यांत."

तिला कळायला वेळ लागला नाही. येशीला कधीच वेळ लागायचा नाही. बाहेर कंपनीची बस वळली, भांडी थोडी थरथरली, मग थांबली.

"कवापासून?"

"दुसऱ्या पावसाळ्यापासून."

"कवापत्तर?"

"शाळा सुटेपर्यंत."

"नि मी जिंकायची कधीमधी, ते?"

"ते तुझं खरं दान."

तिनं आपला उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि बघत राहिली. ऋतुजा एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. मला वाटलं येशी शिव्या देईल. मी शिव्यांची वाट बघत होते. शिव्या बऱ्या असतात.

"कातळावर काढून द्यायचीस," ती म्हणाली, "ती अक्षरं तरी खरी होती का गो?"

"काही होती," मी म्हटलं. "काही नव्हती."

तिनं मान हलवली. पदराला हात पुसला, बँकेतून आल्यावर शाई पुसते तसा. जांभळा फासा उचलला, मुठीत हलवला आणि परातीत टाकला. पितळेवर तो खणखणत फिरला, कडेला आपटला, मध्ये येऊन थांबला. तिनं सवयीनं माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांची सवय. आकडा पडला की माझ्याकडं बघायचं.

तीन पडले होते. नऊ पाहिजे होते. मनात आलं, एकोणीस म्हणावं. ऋतुजा माझी नात आहे, गप्प राहिली असती. येशीचा हात एका शब्दात जिंकता झाला असता. तो शब्द माझ्या तोंडात आला होता. तोही छर्राच.

"तीन," मी म्हटलं.

येशी माझ्याकडं बघत राहिली. मग परात हळूच सरकवली, फासा हलणार नाही अशी, ऋतुजाच्या पुढ्यात. "तू वाच."

ऋतुजा माझ्या तोंडाकडं बघायला लागली.

"तिच्याकडं नको बघू. फाशाकडं बघ नि वाच."

"तीनच आहेत, येशीआजी."

"लागली?"

"नाही. हुकली काठी."

"हुकली तर हुकली," येशी म्हणाली. "ही माझी हुकली." ती उठली. चहा राहिला. पायरीवर चपला शोधताना तिनं भिंतीचा आधार घेतला. मी हात पुढं केला नाही. कुठला हात करणार होते?

नंतर ती आली नाही. दुपारचा चहा मी दोघींचा ठेवत राहिले आणि दोघींचा पीत राहिले. ऋतुजा पुण्याला गेली. जाताना वही आणि जांभळा फासा फडताळात ठेवून गेली, हिरवा तिनं कचऱ्यात टाकला. मला कळलं की येशी आता कागद घेऊन कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जाते. तिथला दुकानदार वाचून देतो. मी गल्लीच्या टोकाला उभी राहून बघितलं एकदा. तो वाचत होता आणि ती त्याच्या तोंडाकडं बघत होती.

मी लिहायला बसले ते त्यानंतर. रिकाम्या दुपारी करायचं काय? ऋतुजाच्याच वहीत, वेताळाच्या पानामागं लिहिते आहे. अक्षर वाईट आहे, पण येतं. यातली निम्मी अक्षरं दुसऱ्या कुणाची आहेत हे प्रत्येक ओळीला आठवतं. कातळावर आता काही नसेल. पावसानं तेव्हाच धुतलं होतं. तरी ते शेपटीचं अक्षर मला डोळे मिटून काढता येतं. खरी विसरायला लागले, ते विसरत नाही.

काल दुपारी ती पायरीवर येऊन उभी राहिली. आत आली नाही. हातात औषधाचं पाकीट.

"वाच."

मी चष्मा लावला. पाकिटावर दुकानदारानं पेनानं लिहिलेलं होतं. मी एकेक अक्षर वाचलं. सकाळी एक, जेवणानंतर. संध्याकाळी अर्धी. पाच दिवस.

तिनं पाकीट परत घेतलं. "बरोबर हाय," म्हणाली. "दुकानदारबी हेच बोलला."

म्हणजे ती आधी तिकडं वाचून आली होती. मला तपासायला आली होती. तपासू दे. जन्मभर तपासू दे.

मग ती आत आली आणि आपल्या जागेवर बसली. चहा घेतला. साय काढून बशीत ठेवली, नेहमीसारखी. थोड्या वेळानं म्हणाली, "तुझी नात कवा येणार? माझी बाई काठी घेऊन उभी हाय त्या वेताळासमोर. म्हैसबी तिथंच हाय."

"दिवाळीत येईल."

"तवर उभी ऱ्हाणार ती?"

मी फडताळातून जांभळा फासा काढला. परात मांडली. येशीनं फासा उचलला नाही, नुसता बघितला. मला समजलं. मी पेला आणला, पाणी भरलं, आणि मिठाची बरणी तिच्या पुढ्यात ठेवून मागं सरले. आकडे वाचता आले नाहीत तरी सारखा की वेगळा एवढं कुणालाही दिसतं.

तिनं मीठ घातलं. पुरेना, आणखी घातलं. बोटानं ढवळलं, चाखून तोंड वाकडं केलं. फासा सोडला. तरंगला तशी टिचकी मारली आणि पेल्यावर वाकली.

"हा एक आकडा," ती म्हणाली. पुन्हा टिचकी मारली.

"येगळा."

पुन्हा मारली. बराच वेळ बघितलं.

"येगळा."

आकडा कुठला, ते मला कुणी विचारलं नव्हतं.